नावांच्या जागी प्रश्नचिन्हे का येतात?



मंडळाच्या संकेतस्थळावर सभासद यादीत नाव शोधताना कधी ‘जोडणी होऊ शकली नाही’ असा संदेश येतो, कधी नुसते पांढरे पान येते, तर कधी यादी व्यवस्थित उघडते पण नावांच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग दिसते. पहिल्या दोन प्रकारांची तक्रार आमच्याकडे लगेच येते. तिसऱ्याची बहुधा येतच नाही. पान उघडलेले असते, रकाने जागच्या जागी असतात, आणि बघणाऱ्याला वाटते की आपल्याच मोबाइलमध्ये मराठी अक्षरे नसतील. काळजी करायची ती मात्र या तिसऱ्याचीच. जोडणी तुटली तर माहिती आत सुखरूप असते. प्रश्नचिन्हे आली तर ती कदाचित कायमची गेलेली असते. यादीतली कितीतरी माणसे आज हयात नाहीत, आणि त्यांचे पूर्ण नाव, मूळ गाव पादऱ्यात दुसरीकडे कुठे लिहिलेले असेलच असे नाही.

म्हणून हे सगळे कसे चालते ते एकदा सविस्तर सांगतो. घरातली जी मुले-मुली संगणकाचे शिक्षण घेत आहेत, त्यांना पुढे या कामात हात घालता यावा हाही हेतू आहे.

मामलतदार कचेरी डोळ्यांपुढे आणा. खिडकीवर कारकून बसलेला असतो आणि दफ्तर आतल्या खोलीत असते. आपण खिडकीवर अर्ज देतो, कारकून आत जातो, दफ्तर सांभाळणारा त्याला ओळखून कागद काढून देतो, आणि कारकून तो आपल्याला वाचून दाखवतो. संकेतस्थळावर कारकुनाचे काम स्क्रिप्टची भाषा करते. आपल्यासारख्या लहान संस्थांकडे ती बहुधा पीएचपी असते, कारण स्वस्तातल्या होस्टिंगवर ती आयती मिळते. आतले दफ्तर म्हणजे डेटाबेस, तोही बहुतेक ठिकाणी मायएसक्यूएल किंवा त्याचेच भावंड मारियाडीबी. दोघांची ओळख पटायला चार गोष्टी लागतात : दफ्तर कोणत्या सर्व्हरवर आहे, वापरकर्त्याचे नाव, पासवर्ड आणि डेटाबेसचे नाव. पाचवी गोष्ट म्हणजे दोघांनी कोणत्या लिपी-संकेतात बोलायचे. ती सांगितली नाही तरी जोडणी होते, आणि नेमकी म्हणूनच ती राहून जाते.

जोडणीच अडली असेल तर संदेश नीट वाचावा, त्यात बहुतेक उत्तर असते. ‘ॲक्सेस डिनाइड’, क्रमांक १०४५, म्हणजे दाराशी पोहोचलो पण नाव किंवा पासवर्ड पटला नाही. १०४९ म्हणजे त्या नावाचा डेटाबेसच तिथे नाही. होस्टिंगवाले पुष्कळदा डेटाबेसच्या नावामागे खात्याचे नाव जोडतात, ते लिहायचे राहिलेले असते. १०४० म्हणजे आत गर्दी झाली आहे. २००२ म्हणजे दारापर्यंत पोहोचताच आले नाही. या शेवटच्यात एक गंमत आहे. लिनक्सच्या सर्व्हरवर ‘लोकलहोस्ट’ लिहिले तर पीएचपी त्याच संगणकावरची सॉकेट नावाची फाइल शोधते, आणि १२७.०.०.१ लिहिले तर नेटवर्कच्या वाटेने, म्हणजे पोर्ट ३३०६ वरून जाते. माणसाला दोन्हींचा अर्थ एकच वाटतो, यंत्राला नाही. एकाने चालत नसेल तर दुसरे लिहून पाहावे. अर्धा मिनिट लागतो.

पांढऱ्या पानाचे कारण बहुधा वेगळे असते. चूक झालेली असते, पण ती पाहुण्यांना दाखवू नये अशी सर्व्हरची व्यवस्था असते. ती योग्यच आहे, कारण त्या संदेशांतून आतली माहिती बाहेर पडू शकते. अशा वेळी एरर लॉग उघडावा. जुन्या संकेतस्थळांवर तिथे हमखास सापडणारी ओळ सांगते की ‘मायएसक्यूएल_कनेक्ट’ नावाचे फंक्शनच अस्तित्वात नाही. एके काळी सगळी पुस्तके हेच फंक्शन शिकवत. २०१३ साली पीएचपी ५.५ मध्ये ते कालबाह्य ठरवले गेले आणि डिसेंबर २०१५ मध्ये आलेल्या पीएचपी ७ मधून काढून टाकले गेले. होस्टिंगवर पीएचपी बदलले की कोणीही हात न लावलेले संकेतस्थळ एका रात्रीत बंद पडते ते यामुळे. आता दोन वाटा आहेत, मायएसक्यूएलआय आणि पीडीओ.

आमचे मत पीडीओच्या बाजूने आहे. पहिली फक्त मायएसक्यूएलशी बोलते. पीडीओ त्याच पद्धतीने पोस्टग्रेस, एसक्यूलाइट, मायक्रोसॉफ्टचा एसक्यूएल सर्व्हर यांच्याशीही बोलते. जोडणीची ओळ बदलली की काम झाले असे मात्र समजू नये. प्रत्येकाची बोली थोडी वेगळी असते. पहिली दहा नावे मागायची तर मायएसक्यूएलमध्ये ‘लिमिट’ म्हणतात, एसक्यूएल सर्व्हरमध्ये ‘टॉप’. बडोद्याची आणि पुण्याची मराठी एकच, पण बाजारात गेल्यावर फरक कळतो, तसेच हे. आणि कोणतीही वाट घेतली तरी पाहुण्याने टाइप केलेले नाव सरळ हुकमात चिकटवू नये, ‘प्रिपेअर्ड स्टेटमेंट’ वापरावे. रोमनमध्ये लिहिलेल्या डिसूझा आडनावातले एक अवतरणचिन्हही हुकूम मोडायला पुरते, आणि वाईट हेतूचा माणूस त्याच फटीतून सगळ्यांचे फोन नंबर बाहेर काढू शकतो.

आता अक्षरांकडे येऊ. संगणक अक्षर साठवत नाही, आकडे साठवतो. कोणत्या अक्षराला कोणता आकडा, याचे आज सर्वमान्य कोष्टक म्हणजे युनिकोड, आणि ते आकडे लिहून ठेवण्याची रूढ पद्धत यूटीएफ-८. तिच्यात रोमन अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीला तीन, गुजरातीलाही तीन. ‘श्रीकृष्ण’ हे नाव आपल्या डोळ्यांना तीन अक्षरांचे दिसते. संगणक मात्र श, हलन्त, र, दीर्घ ई, क, ऋकार, ष, हलन्त, ण अशी नऊ चिन्हे मोजतो, म्हणजे २७ बाइट. जुन्या टेबलात नावाचा रकाना ३० चा असेल आणि त्याचा लिपी-संकेत ‘लॅटिन१’ असेल, तर तिथे ३० म्हणजे ३० बाइट. श्रीकृष्ण कसाबसा मावला, वडिलांचे नाव तुटले. पूर्ण नावे मध्येच कापलेली दिसतात त्यामागे पुष्कळदा हे असते.

बिघडलेली अक्षरे दोन तऱ्हेने दिसतात आणि त्यांतला फरक ओळखणे फार महत्त्वाचे आहे. एक म्हणजे निव्वळ प्रश्नचिन्हे. जिथे मराठी अक्षरांना जागाच नाही अशा संकेतात मजकूर बदलायला सांगितला, तर डेटाबेस प्रत्येक न जमलेल्या अक्षराऐवजी प्रश्नचिन्ह ठेवतो. ते डोळ्यांपुढचे चित्र नसते, खरोखरच प्रश्नचिन्ह साठवलेले असते. क्वचित वाचतानाच ते बदल होतात आणि आतला मजकूर शाबूत असतो, म्हणून आधी डेटाबेसमध्ये थेट पाहून खात्री करावी. आतही प्रश्नचिन्हेच असतील तर जुना बॅकअप किंवा छापील यादी हाच उपाय.

दुसरी तऱ्हा म्हणजे डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ए, मग चलनाचे गोल चिन्ह, मग तिसरेच काहीतरी, आणि पुन्हा तोच ए. हे दृश्य भयंकर दिसते, पण ते पाहून हायसे वाटायला हवे. तीन बाइट जसेच्या तसे आहेत, फक्त चुकीच्या चष्म्यातून एकेक करून वाचले गेले आहेत. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाचा पहिला बाइट सारखाच असतो, म्हणून तो ए पुन्हा पुन्हा येतो. दुसऱ्या आकारावरून लिपीही ओळखता येते. चलनाचे किंवा जपानी येनचे चिन्ह दिसले तर मजकूर मराठी. त्या जागी वर चढवलेला बारीक ए किंवा दुहेरी कंसासारखे अवतरणचिन्ह असेल तर गुजराती. आपल्याकडे दोन्ही लिप्यांतली नावे असल्यामुळे ही खूण उपयोगी पडते.

‘इतकी वर्षे नीट दिसत होते, आत्ताच काय झाले?’ हा प्रश्न नेहमी विचारला जातो. टेबल लॅटिन१, जोडणीही लॅटिन१, आणि पान यूटीएफ-८, अशी स्थिती असली की चुकीच्या चष्म्यातून लिहिलेले त्याच चष्म्यातून वाचले जाते आणि दोन चुका एकमेकींना झाकतात. पुढे कोणी चांगल्या हेतूने फक्त जोडणी सुधारतो, किंवा नवे पीएचपी आपला संकेत आपणच ठरवते, आणि झाकलेले उघडे पडते. दुरुस्तीचा मार्ग असा : आधी पूर्ण बॅकअप घ्यावा, मग तो रकाना बायनरी करावा, म्हणजे डेटाबेस त्याला अक्षरे न मानता निव्वळ बाइट मानतो, आणि मग त्यावर यूटीएफ-८ चे नाव लावावे. लॅटिन१ वरून थेट यूटीएफ-८ कडे बदल केला तर डेटाबेस तो कचराच इमानाने भाषांतरित करतो आणि गुंता दुप्पट होतो. मधल्या काळात बिघडलेल्या पानावरून कोणाची माहिती संपादित करून जतन करू नये.

मायएसक्यूएलमध्ये आणखी एक खोच आहे. त्याचे ‘यूटीएफ८’ म्हणून जे आहे ते पूर्ण यूटीएफ-८ नाही, ते एका अक्षराला तीनच बाइट देते. मराठी-गुजरातीला ते पुरते, त्यामुळे कोणाला शंका येत नाही. पण वाढदिवसाच्या शुभेच्छांत कोणी केकचे चित्र घातले की चार बाइट लागतात; मग कधी १३६६ क्रमांकाची चूक येते, तर सैल व्यवस्था असेल तिथे चित्रापासून पुढचा सगळा मजकूर गुपचूप गळून पडतो. आपल्याला केकपेक्षा मोडीचे महत्त्व अधिक. गायकवाडी अमलातले मोडी कागद आपल्यातल्या काही घरांत आहेत. जून २०१४ च्या युनिकोड ७ मध्ये मोडीला स्वतंत्र जागा मिळाली, आणि ती चार बाइटांच्या प्रदेशात आहे. म्हणजे देवनागरी लिप्यंतर जिथे सुखाने राहते, त्याच टेबलात मूळ मोडी मजकूर ठेवता येत नाही. उपाय सोपा आहे : टेबल आणि जोडणी दोन्हींसाठी ‘यूटीएफ८एमबी४’ वापरावे. ते २०१० पासून उपलब्ध आहे आणि मायएसक्यूएल ८ पासून आपोआप लागू होते, पण जुनी टेबले आपण होऊन बदलत नाहीत.

इतर डेटाबेसांचे थोडक्यात. पोस्टग्रेस या बाबतीत हट्टी आहे. चुकीचे बाइट आले तर ते आत घेतच नाही, तक्रार करते. आम्हाला हा हट्ट आवडतो. एसक्यूलाइट म्हणजे एकच फाइल, लहान यादीला पुरेशी. फक्त त्या फाइलला आणि ती ज्या फोल्डरमध्ये आहे त्यालाही लिहिण्याची परवानगी हवी. ती फाइल कोणालाही उतरवून घेता येईल अशा जागी मात्र ठेवू नये. एसक्यूएल सर्व्हरमध्ये नावाचा रकाना ‘एनव्हारकॅर’ हवा आणि हुकमात थेट मजकूर लिहिताना त्याआधी ‘एन’ हवा, नाहीतर पुन्हा प्रश्नचिन्हे. ॲक्सेसमधल्या जुन्या याद्या ओडीबीसीने वाचता येतात. ड्रायव्हर ३२ बिटचा आणि पीएचपी ६४ बिटचे असेल तर मात्र ‘ड्रायव्हर सापडला नाही’ असे उत्तर येते, जरी तो समोर बसवलेला असला तरी.

नुकसान खरे होते ते एक्सेलमध्ये. यादी साध्या ‘सीएसव्ही’ प्रकारात जतन केली की मराठी नावे तिथल्या तिथे प्रश्नचिन्हे होतात. जतन करताना ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ हा प्रकार निवडावा. बडोद्याच्या ०२६५ मधले पहिले शून्यही एक्सेल खाऊन टाकते, तेव्हा फोनचा रकाना आकडा नव्हे, मजकूर म्हणून ठेवावा.

राहिल्या त्या युनिकोडपूर्व फाँटमधल्या याद्या, श्रीलिपीसारख्या प्रणालींत टाइप केलेल्या. त्यांत मुळात रोमन चिन्हांचे आकडे असतात, मराठी रूप फक्त फाँट देतो. जोडणी कितीही नीट केली तरी वेबवर त्या निरर्थक दिसणारच. त्या रूपांतरकातून काढाव्या लागतात, आणि रूपांतरक जोडाक्षरांत व रफारात चुकतो. शिवाय ‘गोऱ्हे’मधला ऱ्ह दोन-तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी टाइप होतो, दिसायला सारखा, शोधताना वेगळा. क्षीरसागर मंडळी ज्ञ-च्या शेजारी न सापडता क-मध्ये सापडतात, कारण यंत्राच्या लेखी क्ष म्हणजे क, हलन्त आणि ष.

ही तपासणी यंत्र करू शकत नाही. जुन्या याद्यांचे रूपांतरित कागद मंडळाच्या कार्यालयात ठेवत आहोत. ज्येष्ठांनी येऊन आपल्या आणि शेजारपाजारच्या घरांची नावे लाल पेनने दुरुस्त करून द्यावीत. ज्यांच्याकडे जुन्या स्मरणिका किंवा छापील वर्गणी-याद्या आहेत, त्यांनी त्या फक्त स्कॅन करण्यापुरत्या द्याव्यात, त्याच दिवशी परत मिळतील. आणि संकेतस्थळावर प्रश्नचिन्हे किंवा विचित्र आकार दिसले तर काहीही न बदलता पडद्याचा फोटो काढून पाठवावा. सोबत वेळ आणि तिथे कोणते नाव असायला हवे होते ते लिहावे.