काँग्रेस रेडिओ (इ. स. १९४२) : उदय, अस्त आणि वऱ्हाडांतील साधनांचा विचार

बखर, महजर, निवाडपत्र, खासगी पत्र हीं साधनें एकमेकांहून कितीही भिन्न असलीं तरी त्यांत एक लक्षण समान आहे. कोणी तरी तीं लिहिलीं व कोणी तरी तीं जपून ठेविलीं. विसाव्या शतकांत मात्र असा एक साधनवर्ग उत्पन्न झाला कीं, जो बोलला गेला, शेंकडों मैलांवर ऐकला गेला आणि त्याच क्षणीं हवेंत विरला. नभोवाणीवरील शब्द हा तो वर्ग होय. सरकारी नभोवाणीचीं दप्तरें तरी मागें राहतात. परंतु जें केंद्र मुळांतच गुप्त होतें, ज्याच्या चालकांनीं कागद मागें न राहूं देण्याची खबरदारी घेतली, त्याचा इतिहास कशावरून लिहावा? इ. स. १९४२ च्या 'भारत छोडो' चळवळींत मुंबईंत अडीच महिने चाललेला काँग्रेस रेडिओ हें याचें उत्तम उदाहरण आहे. त्याचा उदय व अस्त कसा झाला, त्याचा वऱ्हाडाशीं संबंध कोणता, आणि अकोला-अमरावतीकडील संग्राहकांनीं या विषयाचे कागद कसे ओळखावेत, एवढेंच विवेचन प्रस्तुत लेखांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

पूर्वपीठिका

हिंदुस्थानांत नियमित नभोवाणीस प्रारंभ झाला तो खासगी कंपनीच्या हातून. इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीनें २३ जुलै १९२७ रोजीं मुंबईस व त्यापुढील महिन्यांत कलकत्त्यास केंद्र उघडलें. प्रत्येकाची शक्ति अवघी दीड किलोवॅट होती. ऐकणारे थोडे व खर्च मोठा, यामुळें मार्च १९३० मध्यें कंपनीचें दिवाळें निघालें आणि १ एप्रिलपासून सरकारनें तो कारभार आपल्या हातीं घेतला. ८ जून १९३६ रोजीं त्यास 'ऑल इंडिया रेडिओ' हें नांव मिळालें. इतउत्तर ब्रिटिश हिंदुस्थानांत बोलणारा आवाज व्यवहारतः एकच, म्हणजे सरकारचा राहिला. संच बाळगणारास पोस्टांतून परवाना घेऊन वार्षिक फी भरावी लागे. १९३९ त महायुद्ध सुरू होतांच हौशी बिनतारी प्रक्षेपकांचे परवानेही सरकारनें काढून घेतले.

वऱ्हाडची स्थिति याहून अधिक अडचणीची होती. अकोला, अमरावती, बुलढाणा व यवतमाळ हे चार जिल्हे त्या वेळीं मध्यप्रांतास जोडलेले होते व त्या प्रांतांत एकही नभोवाणी केंद्र नव्हतें. नागपूरचें केंद्र उघडलें तें १६ जुलै १९४८ रोजीं. म्हणजे १९४२ सालीं अकोल्याच्या श्रोत्यास जें ऐकावयाचें तें दूरच्या केंद्रावरूनच ऐकावें लागे.

उदय

८ ऑगस्ट १९४२ रोजीं मुंबईस गवालिया टँकवर ठराव झाला व दुसऱ्या दिवशीं पहांटे पुढारी पकडले गेले. वृत्तपत्रांवर कडक निर्बंध आले. अशा वेळीं कांहीं तरुणांनीं प्रक्षेपणयंत्र उभारण्याचा बेत केला. त्यांत उषा मेहता, बाबूभाई खाकर, विठ्ठलदास झवेरी व चंद्रकांत झवेरी हे प्रमुख होत. उषाबाईंचा जन्म २५ मार्च १९२० चा. त्या वेळीं त्या अवघ्या बावीस वर्षांच्या होत्या. ध्वनिवर्धकांच्या व्यवसायांत प्रसिद्ध असलेल्या शिकागो रेडिओचे नानक मोटवाणी यांचें साहित्याच्या बाबतींत साहाय्य झालें. २७ ऑगस्ट रोजीं केंद्र बोलूं लागलें. घोषणेंत लहरीची लांबी ४२.३४ मीटर अशी स्पष्ट सांगितली जाई. ठिकाण मात्र 'भारतांत कोठें तरी' एवढेंच. श्रोत्यास लहर कळली पाहिजे व पोलिसांस ठिकाण कळतां कामा नये, हें त्याचें साधें कारण होय.

पुढें राममनोहर लोहिया यांनीं या कार्यांत लक्ष घातलें व अच्युतराव पटवर्धन प्रभृति भूमिगत पुढाऱ्यांचें साह्य मिळालें. भाषणें इंग्रजी व हिंदुस्थानी अशा दोन भाषांत होत. आरंभीं 'हिंदोस्ताँ हमारा' हें गीत व शेवटीं 'वंदे मातरम्' वाजविण्याचा प्रघात होता. बातम्या ठिकठिकाणच्या जासुदांकडून व मुंबईंतील भूमिगत कचेरीकडून येत. सरकारी 'ऑल इंडिया रेडिओ'स ही मंडळी 'अँटी-इंडिया रेडिओ' म्हणत.

यंत्र एके ठिकाणीं फार दिवस ठेवणें धोक्याचें होतें. कारण दिशादर्शक आकाशीनें दोन-तीन जागांहून लहरीचा रोख घेतला म्हणजे ते रोख जेथें मिळतात तेथें यंत्र सांपडतें. यासाठीं चौपाटीवरील सी व्ह्यू इमारत, लॅबर्नम रोडवरील अजित व्हिला, सँडहर्स्ट रोडवरील लक्ष्मीभवन, गिरगांवांतील पारेखवाडी आणि शेवटीं महालक्ष्मीजवळील पॅराडाइज बंगला अशीं बिऱ्हाडें बदलावीं लागलीं. पुढें ध्वनिमुद्रण एकीकडे व प्रक्षेपण दुसरीकडे अशीही विभागणी करण्यांत आली. त्यामुळें भाषण करणारा पुढारी यंत्राजवळ असण्याचें कारण उरलें नाहीं.

लहर वऱ्हाडापर्यंत कशी जाई

४२.३४ मीटरची लहर म्हणजे सेकंदास सुमारें ७,०८० किलोसायकल. हा पट्टा आखूड लहरींत मोडतो व युद्धापूर्वीं तो हौशी प्रक्षेपकांच्या वापरांतला होता. जमिनीलगत जाणारी अशी लहर थोड्या मैलांत क्षीण होते. परंतु वर गेलेली लहर वातावरणाच्या वरच्या विद्युद्भारित थरावर आपटून पुन्हां खालीं येते व शेंकडों मैलांवर ऐकूं येते. मुंबई-अकोला हें सरळ रेषेंतील अंतर सुमारें ३०० मैल, म्हणजे ४८० किलोमीटर आहे. आखूड लहरींचा पट्टा असलेल्या चांगल्या संचावर, बाहेर उंच आकाशी बांधली असतां, सायंकाळीं असें प्रक्षेपण अकोल्यास लागणें शास्त्रदृष्ट्या शक्य होतें. मात्र शक्यता ही घटना नव्हे. अमक्या संध्याकाळीं अमक्या गांवीं तें ऐकलें गेलें, हें सिद्ध करावयास समकालीन नोंदच पाहिजे. मागाहून सांगितलेली आठवण पुरत नाहीं.

चिमूर व आष्टी

वऱ्हाडाशीं या केंद्राचा खरा संबंध येतो तो चिमूर-आष्टीच्या प्रकरणीं. १६ ऑगस्ट १९४२ रोजीं, नागपंचमीच्या दिवशीं, चांदा जिल्ह्यांत चिमूर व वर्धा जिल्ह्यांत आष्टी येथें लोकांचा व पोलिसांचा संघर्ष झाला. दोन्हीं बाजूंचीं माणसें पडलीं. पुढें चिमुरास लष्कर व पोलीस गेले आणि त्यांच्या वर्तनाविषयीं, विशेषतः स्त्रियांवरील अत्याचारांविषयीं, अत्यंत गंभीर तक्रारी झाल्या. आष्टी हें गांव तर अमरावती जिल्ह्याच्या शेजारचें, वर्धा नदीपलीकडलें. गुरुकुंज मोझरीचे तुकडोजी महाराज यांसही सरकारनें त्याच सालीं अटकेंत ठेविलें होतें. तेव्हां हें प्रकरण वऱ्हाडच्या लोकांस परकें वाटण्यासारखें नव्हतें.

परंतु या तक्रारी छापण्यास वृत्तपत्रांस मोकळीक नव्हती. काँग्रेस रेडिओनें चिमूर-आष्टीचा वृत्तांत सविस्तर सांगितला, असें उषाबाईंनीं पुढें नमूद केलें आहे. याच प्रकरणीं चौकशी व्हावी म्हणून सेवाग्रामचे प्राध्यापक भणसाळी यांनीं नोव्हेंबर १९४२ मध्यें उपोषण आरंभिलें. प्रथम ते दिल्लीस व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळांतील यवतमाळचे बापूजी अणे यांच्या दारीं गेले होते. त्या उपोषणाच्या बातमीवरही बंदी आली, तेव्हां निषेधार्थ देशांतील अनेक वृत्तपत्रांनीं ६ जानेवारी १९४३ रोजीं अंक काढला नाहीं. उपोषण १२ जानेवारीस सुटलें. यावरून त्या काळीं छापील वृत्तपत्रांत काय नाहीं, तेंही इतिहासाचें साधन ठरतें, हें ध्यानीं येईल. ज्यानें केवळ जुन्या अंकांच्या फायली चाळल्या त्यास १९४२ च्या पावसाळ्यांतील वऱ्हाड-नागपूर वास्तवाहून फार शांत दिसेल.

अस्त

केंद्राचा अंत यंत्राच्या दोषानें झाला नाहीं. पोलीस लहरीच्या मागावर होतेच. शेवटीं यंत्राच्या कामाची माहिती असलेला एक तंत्रज्ञ त्यांच्या हातीं लागला व त्याच्याकडून ठिकाण कळलें. १२ नोव्हेंबर १९४२ रोजीं पोलिसांनीं प्रथम बाबूभाईंच्या पेढीवर छापा घातला. उषाबाईंस तें कळलें असतांही त्या प्रक्षेपणस्थानीं गेल्या व त्या दिवसाचा कार्यक्रम त्यांनीं सुरू केला. अखेरचें 'वंदे मातरम्' वाजत असतांना पोलीस दारें फोडून आंत आले. यंत्रांबरोबर काँग्रेस अधिवेशनांचीं छायाचित्रें व बोलपट यांच्या पेट्याही जप्त झाल्या. १९४३ त खटल्याचा निकाल लागून बाबूभाई खाकर यांस पांच वर्षें, उषा मेहता यांस चार वर्षें व चंद्रकांत झवेरी यांस एक वर्ष अशी शिक्षा झाली. विठ्ठलदास झवेरी व नानक मोटवाणी सुटले. उषाबाई येरवड्याहून १९४६ त मुक्त झाल्या. पुढें त्यांनीं मुंबई विद्यापीठांत अध्यापन केलें. १९९८ त त्यांस पद्मविभूषण मिळालें व ११ ऑगस्ट २००० रोजीं त्या वारल्या.

शत्रूच्या दप्तरांतील साधन

आतां मुख्य प्रश्न. हवेंत विरलेलीं तीं भाषणें आज आपणांस वाचावयास मिळतात, तीं कोणामुळें ? ज्यांनीं तें केंद्र मोडलें त्यांच्यामुळें. पोलिसांचे लेखक संचापाशीं बसून भाषणें टिपून घेत. तीं टिपणें पुराव्यासाठीं जपलीं गेलीं व सरकारी दप्तरांत राहिलीं. उषा ठक्कर यांनीं इ. स. २०२१ मध्यें प्रसिद्ध केलेला इंग्रजी ग्रंथ अशाच साधनांच्या आधारानें उभा आहे.

संशोधकांस यांत नवल वाटण्याचें कारण नाहीं. शिवकालाच्या इतिहासांत सुरत-राजापूरच्या इंग्रजांचीं पत्रें आपण वापरतों. तीं लिहिणारे महाराजांचे मित्र नव्हते. त्या पत्रांस जो न्याय तोच येथें लावावा. शत्रूचा लेखक मतांत पक्षपाती असतो. परंतु तारीख, वेळ व ठिकाण चुकविण्यांत त्याचा लाभ नसतो. शिवाय न्यायालयांत उलटतपासणी व्हावयाची असल्यानें टिपण शक्य तेवढें अचूक ठेवणें पोलिसांस भाग होतें. त्याच्या उणिवाही ओळखून असाव्यात. खरखर झाली तेथें वाक्य तुटणार. चिमूरसारखीं अपरिचित ग्रामनामें मुंबईच्या लेखकाकडून बिघडणार. हिंदुस्थानी भाषणाच्या इंग्रजी तर्जुम्यांत धार बदलणार. सबब ग्रामनामें व व्यक्तिनामें स्थानिक कागदांशीं ताडून पाहिल्यावांचून स्वीकारूं नयेत. हें काम मुंबईचा संशोधक करूं शकणार नाहीं. तें वऱ्हाड-नागपूरच्या माणसाचेंच आहे.

संग्राहकांनीं काय पाहावें

१९४२ च्या बुलेटिनांत, रोजनिशींत किंवा पत्रांत 'काँग्रेस रेडिओवर ऐकलें' असा उल्लेख आढळल्यास तो लगेच मुंबईच्या केंद्राचा धरूं नये. सुभाषबाबूंच्या जर्मनींतील मंडळीनें त्याच सालीं 'आझाद हिंद रेडिओ' याशिवाय 'नॅशनल काँग्रेस रेडिओ' व 'आझाद मुस्लिम रेडिओ' या नांवांनींही प्रक्षेपण चालविलें होतें. नामसादृश्यामुळें घोटाळा सहज होतो. निर्णयास चार कसोट्या पुरतील.

पहिली, तारीख : २७ ऑगस्टपूर्वींची अगर १२ नोव्हेंबर १९४२ नंतरची नोंद या यंत्राची नव्हे. दुसरी, लहर : ४२.३४ अथवा ४२ मीटर असा आंकडा असल्यास पुरावा बळकट. तिसरी, आरंभ व अखेरचीं गीतें. चौथी, मजकूर : बातमी हिंदुस्थानांतील गांवोगांवच्या घडामोडींची आहे कीं यूरोपांतील युद्धाची. मराठी बुलेटिनांतील मजकूर हा मूळ भाषण नसून श्रोत्यानें केलेला तर्जुमा आहे, हेंही विसरूं नये.

कोणते कागद जपावेत हेंही सांगणें अवश्य आहे. हस्तलिखित अथवा चक्रमुद्रित बुलेटिनें तर जपावींच. पण त्याबरोबर पोस्टाचे रेडिओ परवाने, संच खरेदीच्या पावत्या व दुकानदारांच्या खातेवह्या यांसही टाकाऊ समजूं नये. अकोल्याच्या कापूस-पेढ्यांच्या दप्तरांतील एक परवाना, त्या घरीं संच होता एवढें तरी निश्चित सांगतो. आणि संच कोणाच्या घरीं होता हें कळल्यावांचून ऐकलें कोणीं, हा प्रश्न पुढें सरकत नाहीं. परवान्याची पद्धत १९८० नंतरच्या दशकांत बंद पडली व तीं पुस्तकें रद्दींत जाऊं लागलीं. हें साधन पेशवेकालीन कागदांहून अधिक झपाट्यानें नष्ट होत आहे. कारण त्याचें मोल कोणास वाटत नाहीं.

इ. स. २०२४ मध्यें या विषयावर 'ऐ वतन मेरे वतन' हा हिंदी चित्रपट निघाला. त्यानें लोकांचें लक्ष वेधलें हें चांगलें झालें. परंतु यापुढें सांगितल्या जाणाऱ्या आठवणींत चित्रपटांतील प्रसंग मिसळण्याचा संभव आहे. प्रत्यक्ष ऐकणारांची पिढी जवळजवळ सरली. म्हणून आठवण नोंदतांना ती कोणीं, कधीं व कोणापासून ऐकली, हें तिच्याबरोबरच लिहून ठेवावें.

तात्पर्य, काँग्रेस रेडिओच्या बोलण्याची बाजू पोलिसांच्या दप्तरानें राखली. ऐकण्याची बाजू राखणें आपणांकडे आहे. नागपूर येथील सरकारी पुराभिलेख दप्तरांत मध्यप्रांत-वऱ्हाडच्या कागदांचा शोध घेणें हा त्याचा एक मार्ग, आणि घरोघरच्या ट्रंका रद्दीवाल्याच्या हातीं जाण्यापूर्वीं उघडून पाहणें हा दुसरा. यांपैकीं दुसरा मार्ग फार दिवस मोकळा राहणार नाहीं. ज्यांच्या संग्रहीं १९४२ चे असे कागद असतील त्यांनीं तारीख, कागदाचा आकार, हस्ताक्षर व कागद कोठून मिळाला हें टिपून त्यांची यादी तरी प्रसिद्ध करावी, अशी आमची त्यांस विनंती आहे.