चरा दिसतो तो उजेडामुळे

एक जॉब डोळ्यांसमोर आणा: बेअरिंगची ४० मिलिमीटर व्यासाची पोलादी रिंग. ग्राइंडिंग होऊन लखलखणाऱ्या तिच्या तोंडावर ०.१ मिलिमीटर रुंदीचा चराही चालणार नाही. पट्ट्यावरून अशा रिंगा सेकंदाला अर्धा मीटर वेगाने जात आहेत आणि प्रत्येक रिंग कॅमेऱ्याने तपासायची आहे.

कॅमेरा घ्यायला निघालेला माणूस आधी मेगापिक्सेल विचारतो, म्हणून तो हिशोब आधी करू. रिंग थोडी इकडेतिकडे सरकली तरी चित्रात मावावी, म्हणून ६० मिलिमीटर रुंदीचं दृश्य धरू. सेन्सर २४४८ × २०४८ पिक्सेलचा, म्हणजे सुमारे ५० लाखांचा. एका पिक्सेलच्या वाट्याला साधारण ०.०२५ मिलिमीटर येतात आणि आपला चरा चार पिक्सेल रुंद दिसतो. दोष खात्रीने पकडायला तीन तरी हवेत, तेव्हा एवढं पुरे. कॅमेरा मात्र कृष्णधवल घ्यावा. रंगीत सेन्सरवर प्रत्येक पिक्सेल लाल, हिरवा किंवा निळा यांपैकी एकच रंग मोजतो आणि उरलेले दोन शेजाऱ्यांवरून अंदाजाने भरले जातात. बारीक कडा मोजताना हा अंदाज नको.

आता वेग. चित्र एका पिक्सेलपेक्षा जास्त फरफटू नये, तर शटर ५० मायक्रोसेकंदच उघडं ठेवता येतं, म्हणजे सेकंदाचा वीस हजारावा भाग. शिवाय सगळे पिक्सेल एकाच क्षणी टिपणारं ग्लोबल शटर हवं. ओळीमागून ओळ टिपणाऱ्या रोलिंग शटरमध्ये धावती गोल रिंग तिरकी, लंबगोल उमटते. इतक्या थोड्या वेळात पुरेसा उजेड पडावा म्हणून एलईडी दिवे शटरच्या तालावर क्षणभर झगमगवतात.

खरं काम इथे सुरू होतं. समोरून उजेड टाकला तर धातू चकाकतो आणि त्या चकाकीत चरा बुडून जातो. तोच उजेड अगदी खालून, पृष्ठभागाला जवळजवळ चिकटून टाकला, तर गुळगुळीत धातू तो पलीकडे परतवतो. वर बसलेल्या लेन्सकडे काहीच येत नाही. रिंग काळी दिसते. चऱ्याच्या कडा मात्र उजेड सगळीकडे उधळतात, त्यातला थोडा लेन्समध्ये शिरतो आणि काळ्यावर पांढरी रेघ उठते. या पद्धतीला डार्क फील्ड म्हणतात. उजेडाच्या दिशेनेच गेलेला चरा चमकत नाही, म्हणून दिवा कड्यासारखा गोल, चहूबाजूंनी उजेड देणारा असतो. ग्राइंडिंगच्या बारीक रेषाही थोड्या चमकतात, पण त्या उथळ आणि शिस्तीत एका वळणाच्या असतात. चरा त्यांना छेदून जातो. प्रोग्रॅम नेमकं हेच शोधतो: ठरावीक उजळपणाच्या वरचे पिक्सेल वेगळे काढायचे, लागून असलेल्यांचे पुंजके करायचे, प्रत्येकाची लांबी आणि दिशा तपासायची.

याच रिंगचा बाहेरचा व्यास मोजायचा असेल तर ही रचना कुचकामी. तेव्हा दिवा रिंगेच्या मागे ठेवून काळी सावली घ्यायची आणि टेलिसेंट्रिक लेन्स लावायची, म्हणजे रिंग जराशी उचलली गेली तरी ती मोठी भासत नाही.

लेन्सलाही मर्यादा असते. एफ ८ छिद्राला हिरव्या उजेडाचा बिंदू सेन्सरवर सुमारे १०.७ मायक्रॉनचा ठिपका होऊन पडतो, ३.४५ मायक्रॉनच्या पिक्सेलवर तो आधीच तीन पिक्सेल व्यापतो. त्याच छिद्राला तेवढ्याच सेन्सरवर आणखी बारीक पिक्सेल भरले, तर फाइल फुगते, तपशील फारसा वाढत नाही. म्हणून माझं मत ठाम आहे: पैसे आधी दिव्यावर, मग लेन्सवर, शेवटी कॅमेऱ्यावर खर्च करावेत.

कूलंटचा थेंबही चऱ्यासारखा चमकतो आणि चांगला जॉब रिजेक्टच्या खोक्यात जातो. तपासणीआधी हवेचा झोत मारावा लागतो. लेन्सवर तेलाचा थर चढला तर उलट होतं, खरा चराच फिका पडतो. यासाठी प्रत्येक पाळीच्या सुरुवातीला, चरा असल्याचं आधीच माहीत असलेली रिंग पट्ट्यावरून सोडावी. ती पास झाली तर लाइन थांबवायची.