अमेरिकन मिशन छापखाना आणि मराठी बायबल

बायबल सामान्य माणसाच्या हाती कोणी दिले, या प्रश्नावर ख्रिस्ती धर्माच्या दोन प्रमुख शाखांत चार शतकांहून अधिक काळ वाद चालत आला आहे. प्रॉटेस्टंट पक्षाची कैफियत अशी की, रोमच्या धर्मपीठाने जे शास्त्र लॅटिन भाषेच्या कडीकुलुपात ठेवले होते ते ल्यूथरने १५२२ साली जर्मन नवा करार छापून मोकळे केले, आणि इंग्रजीत हेच कार्य आरंभणाऱ्या विल्यम टिंडेलला १५३६ साली प्राणास मुकावे लागले. कॅथलिक पक्ष उत्तर देतो की, या ग्रंथाच्या नकला शतकानुशतके ज्यांनी उतरून ठेवल्या ते आमच्याच मठांतील संन्यासी होते, आणि ल्यूथरच्या पूर्वीच, १४६६ पासून, संपूर्ण जर्मन बायबलच्या अठरा आवृत्त्या छापून झाल्या होत्या. दोन्ही पक्षांचे पुरावे खरे आहेत. तथापि १५६४ च्या निषिद्ध ग्रंथांच्या यादीबरोबर जो नियम जाहीर झाला, त्याने देशी भाषेतील बायबल वाचण्यास धर्माधिकाऱ्याची लेखी परवानगी आवश्यक ठरविली, हेही कॅथलिक अभ्यासकाला नाकारता येत नाही.

हाच वाद मराठी मुलखात आणून पाहिला म्हणजे त्याचे स्वरूप पालटते. येथे धर्ममताइतकीच निर्णायक ठरली ती अक्षर ओतण्याची विद्या. आणि तिची हकीकत मुंबईच्या अमेरिकन मिशन छापखान्याला वगळून सांगताच येत नाही.

कालक्रमाने पाहता पहिला मान निःसंशय कॅथलिकांचा. ॲबिसिनियाकडे निघालेले एक मुद्रणयंत्र १५५६ साली गोव्यात उतरले आणि तेथेच राहिले. पुढे फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने, जुन्या पुराणांना पारखे झालेल्या नवख्रिस्ती समाजासाठी, सुमारे अकरा हजार ओव्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ रचले, व ते १६१६ साली रायतूर येथे छापले गेले. त्याच्या पहिल्या भागात जुन्या कराराची आणि दुसऱ्यात नव्या कराराची कथा आहे. मात्र मराठी भाषेचे हे वैभव उतरले ते रोमन लिपीत. स्टीफन्सची इच्छा तशी नव्हती. देशी लिपीत ग्रंथ छापले जावेत अशी कळकळीची विनंती त्याने १६०८ साली रोमला आपल्या संघप्रमुखाला लिहिली होती, आणि युरोपातील चोवीस अक्षरांच्या जागी येथे सहाशेच्या घरात साचे लागतात ही अडचणही तीत प्रांजळपणे मांडली होती.

ख्रिस्तपुराण हे बायबलचे भाषांतर नव्हे, म्हणून प्रॉटेस्टंट अभ्यासक त्यास बायबलप्रसाराच्या हिशेबात धरीत नाहीत. मला हा न्याय अपुरा वाटतो. ज्या समाजात वाचणारे थोडे आणि ऐकणारे अगणित, त्या समाजाला शास्त्र कानावाटे देणे हेच देणे होय, आणि ते स्टीफन्सने अशा भाषेत दिले की, मराठीच्या कोणत्याही इतिहासकाराला त्याच्यावरून पुढे जाता येत नाही. पण कॅथलिक अभिमानालाही येथे थांबावे लागते, कारण १६८४ साली पोर्तुगीज सरकारने देशी भाषा तीन वर्षांत सोडून देण्याचा हुकूम काढला आणि उघडलेला मार्ग राजसत्तेनेच बंद केला.

त्यानंतर सव्वाशे वर्षांनी प्रॉटेस्टंट प्रयत्नांस प्रारंभ झाला. बंगालमधील श्रीरामपूर येथे विल्यम केरी याने वैजनाथ पंडितांच्या साहाय्याने १८११ मध्ये मराठी नवा करार प्रसिद्ध केला. परंतु त्या मराठीवर नागपूरकडील वळणाची छाया असल्यामुळे कोकण व देश येथील वाचकांस ती परकी वाटे. १८१३ च्या फेब्रुवारीत गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी मुंबईस उतरले, तेव्हा कंपनी सरकारचा हुकूम त्यांना परत धाडण्याचा होता. गव्हर्नर सर इव्हान नेपियन यांनी अंमलबजावणी लांबणीवर टाकली, आणि मिशनचा पाय मुंबईत रोवला गेला. १८१६ साली मुद्रणकलेची माहिती असलेले होरेशियो बार्डवेल येऊन मिळाले, कलकत्त्याहून यंत्र व खिळे आले, आणि १८१७ च्या मार्चमध्ये आठ पृष्ठांच्या एका शास्त्रविषयक पुस्तिकेच्या १५०० प्रती छापून या छापखान्याचा व्यवहार सुरू झाला. नवा करार १८२६ साली पुरा झाला. त्याच वर्षी २० मार्च रोजी नाशिक भागातील प्रवासात, दोडी दापूर येथे, हॉल पटकीने मरण पावला.

कलकत्त्याचे खिळे बोजड होते. देवनागरीत काना, मात्रा, वेलांटी, रफार आणि जोडाक्षरे यांमुळे जुळाऱ्यापुढे घरांचे अरण्यच उभे राहते. आणि अक्षर मोठे म्हणजे पाने अधिक, कागद अधिक, किंमत अधिक. ही अडचण दूर केली ती या छापखान्यात लहानपणी शिकाऊ म्हणून आलेल्या टॉमस ग्रॅहम याने. पोलादी ठसा कोरावयाचा, तो तांब्यावर ठोकून मातृका उठवावयाची, तीत शिशाचा मिश्र रस ओतून खिळा काढावयाचा, आणि तो घासून इतरांच्या उंचीस आणावयाचा, हे काम त्याने अशा निगुतीने केले की मराठी अक्षर लहान झाले आणि सुबकही झाले. १८४७ साली संपूर्ण मराठी बायबल प्रसिद्ध झाले. त्याच्या तीनच वर्षे आधी, १८४४ मध्ये, सोळाव्या ग्रेगरी पोपने बायबल सोसायट्यांचा निषेध करणारे परिपत्रक काढले होते. म्हणजे रोम मज्जाव करीत असता मुंबईत यंत्र चालू होते.

या छापखान्याचे उपकार ख्रिस्ती समाजापुरते राहिले नाहीत, आणि मला यातच त्याची खरी थोरवी दिसते. मिशनऱ्यांची पुस्तके पाहूनच गणपत कृष्णाजी यांना आपले धर्मग्रंथ छापण्याची ईर्ष्या झाली, असे गोविंद नारायण माडगावकरांच्या ‘मुंबईचे वर्णन’ या १८६३ च्या ग्रंथात नमूद आहे. जावजी दादाजी लहान वयात याच छापखान्यात खिळे घासण्याच्या कामावर होते. त्यांनी पुढे निर्णयसागर छापखाना काढला, आणि तेथून निघालेले संस्कृत ग्रंथ शास्त्रीपंडितांनी प्रमाण मानले. मिशनचे पुस्तक ज्या विद्येने सुलभ झाले तिनेच पंचांगेही घरोघर पोहोचविली.

या छापखान्याच्या शहराहून लोहमार्गाने घाट चढून पुण्यापलीकडे गेले तर केडगाव लागते. तेथे पंडिता रमाबाईंनी, प्रचलित मराठी बायबल संस्कृतप्रचुर असल्यामुळे अल्पशिक्षित बायकांना कळत नाही हे जाणून, हिब्रू व ग्रीक मुळावरून स्वतः भाषांतर केले, आणि आश्रमातील स्त्रियांनाच खिळे जुळविण्याचे व छपाईचे काम शिकविले. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचा देहान्त झाला, त्यापूर्वी भाषांतर हातावेगळे झाले होते. ‘शास्त्र सर्वांसाठी’ ही प्रतिज्ञा इतक्या अक्षरशः दुसऱ्या कोणी पाळल्याचे मला आढळत नाही.

रोमचे धोरणही पालटले. १९६५ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने शास्त्राचे द्वार सर्व श्रद्धावंतांस मोकळे असावे असे जाहीर केले, आणि वसईचे कॅथलिक धर्मगुरू फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुबोध बायबल’ सिद्ध केले. स्टीफन्सच्या ग्रंथाचे भाग्य मात्र त्याआधीच उघडले होते. १६१६, १६४९ व १६५४ या तिन्ही जुन्या आवृत्त्या लुप्त झाल्यावर मंगळूरच्या ख्रिस्ती घराण्यांनी जपलेल्या हस्तलिखितांवरून जोसेफ साल्ढाणा यांनी १९०७ साली त्याची रोमन लिपीतील आवृत्ती काढली. आणि १९५६ साली शांताराम बंडेलू यांनी पुण्याहून संपूर्ण ख्रिस्तपुराण देवनागरीत प्रसिद्ध केले, तेव्हा रोमला धाडलेल्या त्या विनंतीला ३४८ वर्षे झाली होती.