छोटी मोटार आणि घरची दुरुस्ती

14 डिसेंबर 1983 रोजी ‘मारुती 800’ या मोटारीची पहिली किल्ली ग्राहकाच्या हाती पडली. गुडगावच्या कारखान्यात तयार झालेल्या या मोटारीचे इंजिन तीन सिलिंडरांचे, अवघे 796 घनसेंटिमीटरचे होते. अशी आटोपशीर मोटार पाहून मालकाला वाटते, पाने-पक्कड हाती घेतली की मिस्त्रीची मजुरी वाचेल. ही समजूत अर्धीच खरी आहे. हवेची गाळणी बदलणे घरी सहज जमते. परंतु ॲल्युमिनियमच्या सिलिंडर हेडमध्ये स्पार्क प्लग तिरका बसवून जोराने आवळला, तर हेडचे आटे जातात. कारण ॲल्युमिनियम पोलादापेक्षा मऊ असते. मग दहा मिनिटांच्या कामापायी प्रसंगी हेडच उतरवावे लागते आणि वाचलेल्या मजुरीच्या कितीतरी पट खर्च होतो. म्हणून इंजिन थंड झाल्यावर प्लग प्रथम बोटांनीच फिरवावा. तो विनासायास आत गेला, तरच पाना लावावा.