बुरशीवर बुरशीचा उतारा : ट्रायकोडर्माची घरगुती पैदास

तूर फुलोऱ्यात येते, शेंगा धरू लागतात आणि जमिनीत ओल असूनही एखादे झाड उभ्या उभ्या सुकते. त्याचे खोड उभे चिरले तर आत तपकिरी-काळसर रेषा दिसतात. हाच मर रोग. फ्युजेरियम नावाची बुरशी मातीतून मुळांत शिरते व झाडाच्या पाणी वाहून नेणाऱ्या नलिका बंद करते. रानात राहिलेल्या धसकटांच्या आधारे ती काही वर्षे तग धरते. म्हणून वरून केलेली फवारणी तिच्यापर्यंत पोहोचत नाही. आपल्या ज्या माजी विद्यार्थ्यांचे व पालकांचे पोट दोन-तीन एकर कोरडवाहू रानावर आहे, त्यांना हे नुकसान समजावून सांगण्याची गरज नाही.

या रोगाला मातीतच राहून अटकाव करणारी ट्रायकोडर्मा हीदेखील एक बुरशीच आहे. इतिहासाचे विद्यार्थी असल्यामुळे आमचे लक्ष सनावळीकडे जातेच. ट्रायकोडर्मा हे नाव १७९४ मधले. पण ती इतर बुरशींवर परजीवी म्हणून जगते, हे अमेरिकेत वाइंडलिंग यांनी १९३२ मध्ये दाखवून दिले. मधली १३८ वर्षे ती आपले काम मुकाट्याने करीतच होती. तिचे तंतू रोगकारक बुरशीच्या तंतूंना विळखा घालतात, विकरे सोडून त्यांचे कवच विरघळवतात आणि मुळांभोवतीची जागा व अन्न आधीच व्यापून टाकतात. मात्र मर लागलेले झाड ती वाचवू शकत नाही. ती पेरणीपूर्वीच मातीत असावी लागते.

तिची पैदास करायला आपली ज्वारी पुरते. ज्वारी रात्रभर भिजवावी, अर्धवट शिजवावी आणि पाणी पूर्ण निथळू द्यावे. उष्णता सहन करणाऱ्या पिशव्या निम्म्या भरून तोंडाशी कापसाचा बोळा बसवावा व प्रेशर कुकरमध्ये १५ पौंड दाबाखाली पाऊण तास वाफवाव्यात. पूर्ण थंड झाल्यावर वारा नसलेल्या खोलीत, स्वच्छ हातांनी मूळ संवर्धन मिसळावे. हे संवर्धन कृषी विद्यापीठातून किंवा कृषी विज्ञान केंद्रातूनच आणावे. पिशव्या २५ ते ३० अंश तापमानात सावलीत ठेवून अधूनमधून हलवाव्यात. आधी पांढरे तंतू दिसतात, नंतर दाणे हिरवे होतात आणि साधारण दोन आठवड्यांत पिशवी तयार होते.

येथेच खरी सावधगिरी हवी. हिरवे दिसले म्हणजे ट्रायकोडर्माच, असे नव्हे. अस्पर्जिलस फ्लेव्हस ही पिवळट-हिरवी बुरशीही त्याच दाण्यांवर वाढते आणि ती अफ्लाटॉक्सिन हे विष तयार करते. काळी, गुलाबी किंवा पिवळट झाक आलेली पिशवी न उघडताच जमिनीत खोल पुरावी. पहिल्या खेपेचा नमुना केंद्रात तपासून घेतल्याशिवाय शेतात वापरू नये. हे दाणे कोंबड्यांना घालण्याचा मोह तर मुळीच नको. काम करताना नाकाला फडके बांधावे.

तयार दाणे सावलीत वाळवून दळावेत व शंखजिऱ्याच्या भुकटीत मिसळावेत. बाजारातल्या पुडीत दर ग्रॅमला किमान २० लाख जिवंत बीजाणू असावेत, असा आपल्याकडचा दंडक आहे. घरच्या भुकटीचीही मोजणी केंद्रातून करून घ्यावी. ती त्या तोडीची निघाली तर एक किलो बियाण्यास ५ ते १० ग्रॅम पुरते. एकरासाठी एक किलो भुकटी चांगल्या कुजलेल्या, ओलसर शेणखतात मिसळून आठवडाभर सावलीत झाकून ठेवावी आणि पेरणीच्या वेळी मातीत मिसळावी. पुडी उन्हात किंवा पत्र्याखाली ठेवली तर आतली बुरशी मरते व हाती नुसती पांढरी भुकटी उरते. अनेकांचा ‘गुण आला नाही’ हा अनुभव बहुधा यातूनच येतो.

बियाण्याला आधी ट्रायकोडर्मा व नंतर रायझोबियम लावावे. रासायनिक बुरशीनाशक सोबत देऊ नये. बीएसएमआर ७३६ सारखा मर-प्रतिकारक वाण आणि पिकाची फेरपालट यांची जोड दिल्यास अधिक बरे. आणि घरात कोणी अळिंबी पिकवीत असेल तर ही पैदास त्या खोलीपासून दूरच ठेवावी; अळिंबीही बुरशीच आहे आणि ट्रायकोडर्मा तिलाही सोडत नाही.