दस्तऐवजांत रमणारा सर्जन

डॉ. सुनील पंड्या हे मुंबईच्या केईएम रुग्णालयातले मेंदूचे सर्जन होते. कवटी उघडून गाठ काढणारे हे हात तितक्याच निगुतीने जुने दस्तऐवज चाळत. १८४५ मध्ये सुरू झालेलं ग्रँट मेडिकल कॉलेज आणि शेजारचं जेजे रुग्णालय यांचा जाडजूड इतिहास त्यांनी लिहिला.

दुसरा ध्यास वैद्यकीय नीतीचा. १९९३ मध्ये सहकाऱ्यांसह त्यांनी काढलेलं नियतकालिक आज ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स’ नावाने निघतं. डॉक्टरांचं कमिशन, मूत्रपिंडांचा बाजार, रुग्णाची संमती... व्यवसायबंधूंना न रुचणारे विषय त्यात उघड मांडले गेले. त्यासाठी सर्जनचंच काळीज हवं!