चरखा आणि धुलाईयंत्र

गांधीजी १९३६ सालीं वर्ध्याजवळच्या सेगांवीं राहावयास गेले. १९४० सालीं त्या गांवाचें नांव सेवाग्राम झालें. तेथील आश्रम पाहून येणाऱ्या मंडळींस चरख्याचा साधेपणा तेवढा दिसतो, त्यांतील यंत्रशास्त्र क्वचितच ध्यानांत येतें. तें उमगलें, तर जुन्या विजेच्या धुलाईयंत्राचें कोडेंहि सहज उलगडेल, असें आम्हांस वाटतें.

चरख्याचें चाक हातानें फिरतें व दोरीची माळ ती गति चातीस पोंचविते. चाक मोठें, चाती बारीक. म्हणून चाकाच्या एका फेऱ्यांत चातीचे कितीतरी फेरे होतात. पेळूंतून ओढलेल्या धाग्यांत पीळ भरला, कीं हात थांबतो. चाक किंचित् उलट फिरवून चातीच्या टोंकावरचे वेढे सोडवितो. मग सुलट फिरवून सूत गुंडाळतो. शक्ति देणारा व ती आवरणारा हात येथें एकच आहे.

मोटरीस हा विवेक नाहीं. घरगुती विजेवरील साधी मोटर मिनिटास सुमारें १४४० फेरे एकाच दिशेनें घेत राहते. जुन्या यंत्रांत ती टाकीखालीं असते. पट्टा तिची गति दांतेरी चक्रांच्या पेटीस देतो. तेथें वेग कमी होऊन गोल गतीचें मागेंपुढें हेलकावणें बनतें, आणि टाकींतील पंखा ताकांतल्या रवीप्रमाणें कपडे घुसळतो. मोटर व पंखा यांच्या मधला सांधा म्हणजे क्लच. दांडी एका बाजूस लोटली, कीं त्याचे दोन भाग परस्परांत गुंततात. दुसरीकडे लोटली, कीं सुटतात, व मोटर फिरत असतांहि पंखा उभा राहतो. कपडे पिळणाऱ्या रुळांस वेगळी दांडी असते. रुळांत बोटें किंवा पदर सांपडण्याचें भय मोठें. म्हणून त्यांचा दाब तत्काळ सोडणारी कळहि त्यांवर बसवीत. ती कोठें आहे, हें घरांतील प्रत्येकीस ठाऊक असलेंच पाहिजे.

पुढें रुळांऐवजीं टाकीच गरगर फिरवून पाणी काढण्याची तऱ्हा आली. ओल्या कपड्यांनीं जड झालेली टाकी एकदम वेग घेत नाहीं. म्हणून कांहीं यंत्रांत मोटरीच्या आंसावर वजनदार तुकडे बसवितात. वेग वाढतांच ते बाहेर फेंकले जाऊन भोंवतालच्या डब्यास आंतून घांसतात. प्रथम निसटतात, मग घट्ट धरतात, आणि टाकी हळूहळू वेग घेते. त्यांवरील अस्तर झिजलें, म्हणजे मोटर फिरते, पण टाकी रेंगाळते. अशा वेळीं मोटरीस दोष देण्यापूर्वीं पट्टा व क्लच तपासावा. मात्र त्याआधीं वीज तोडावी.

यंत्रांविषयीं साशंक असलेल्या गांधीजींनीं १९२४ सालीं शिवणयंत्रास अपवाद मानलें होतें. पत्नीचे कष्ट वांचविण्याच्या प्रेमांतून तें निपजलें, असें त्यांचें म्हणणें. एकत्र कुटुंबांतील धुण्याचा डोंगर ज्या सुनेच्या वांट्यास येतो, तिच्या बाजूनें पाहिलें, तर धुलाईयंत्रासहि हीच कसोटी लावतां येईल. तें कोणाचे कष्ट हलके करतें, आणि त्याची दांडी तिला स्वतः फिरवितां येते कीं नाहीं, हें यंत्र घेण्यापूर्वीं घरांत विचारलें जावें.